राजीनामा घेतला की दिला? एका कामगार वादाचं प्रकरण

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका औद्योगिक वसाहतीतला प्लास्टिकचे सुटे भाग बनवणारा कारखाना. पटावर सत्तरच्या आसपास कामगार, ठेकेदाराची माणसं वेगळी. संघटना नाही. प्रकरण २०२३ चं आहे, आणि पुढे येणारी कलमंही तेव्हा लागू असलेल्या कायद्यांची आहेत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि हिशेब डोक्यात बसावा म्हणून रकमा सोप्या केल्या आहेत. या प्रकरणात माझं काम कागद तारीखवार लावून देण्यापुरतं होतं, त्यामुळे फाईल पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहायला मिळाली.

ज्यांचं हे प्रकरण, त्यांना इथे ताई म्हणू. तपासणी विभागात ११ वर्षं ८ महिने नोकरी. त्याआधीची दोनेक वर्षं त्याच शेडमध्ये, पण ठेकेदाराच्या नावावर. पगार एकूण १९,५०० रुपये. त्यात बेसिक ९,१०० आणि महागाई भत्ता ६,५००, बाकी घरभाडं वगैरे. वर्षभरापूर्वी कंपनीनं त्यांना ‘सिनियर सुपरवायझर’ असं पत्र दिलं आणि पगारात सहाशे रुपये वाढवले. काम तेच राहिलं: माल तपासायचा, खराब माल बाजूला काढायचा, तक्ता भरायचा. हे सहाशे रुपये पुढे फार महागात पडण्याची वेळ आली होती.

काय घडलं

जुलैच्या एका दुपारी तपासणीतल्या सहा जुन्या माणसांना एकेक करून एचआरच्या खोलीत बोलावलं. टेबलावर इंग्रजीत टाईप केलेला राजीनामा तयार होता, खाली नाव आणि सहीची जागा. सांगितलं गेलं ते साधारण असं: तपासणीची नवी मशीन येतेय, माणसं कमी करायची आहेत. सही केली तर हिशेब लगेच आणि अनुभवाचा दाखला चांगला. नाही केली तर कामात हलगर्जी केल्याचा ठपका ठेवून काढू, मग ग्रॅच्युइटीही जाईल आणि दुसरीकडे कुठे नोकरीही लागणार नाही.

ताईंनी घरी विचारून येते म्हटलं. बाहेर जाऊ दिलं नाही, असं त्या सांगतात. कंपनी म्हणते दार उघडंच होतं. तासाभरानं सही झाली. राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र लगोलग हातात पडलं आणि गेटपास काढून घेतला. हिशेबाचा जो कागद दाखवला त्यात ग्रॅच्युइटी होती ५७,७५० रुपये. तिथे ‘फुल अँड फायनल, माझी कोणतीही तक्रार नाही’ यावर सही करायची आणि चेक न्यायचा. हा दुसरा कागद मात्र ताईंनी सही न करता तसाच ठेवला. “आकडा मुलाला दाखवते” एवढंच म्हणाल्या. सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाक्य कोणतं असेल तर माझ्या मते हे.

समस्या नेमकी कोणती

बाहेरून पाहता वाद एकच दिसतो: बळजबरीनं काढलं. कागद लावायला बसलो तेव्हा तीन वेगळे प्रश्न निघाले आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या कायद्यात होतं.

पहिला, हा राजीनामा की कामगार कपात? कपात असेल तर औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ चं कलम २५-एफ लागतं. वर्षभरात २४० दिवस भरलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांची सरासरी मजुरी द्यावी लागते. वर सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ उरला तर तोही पूर्ण वर्ष धरतात. शिवाय शेवटी आलेला आधी जातो, हा कलम २५-जी चा सर्वसाधारण नियम. इथे उलट झालं होतं. जुन्यांना काढलं, नवे राहिले.

दुसरा, ताई कायद्याच्या भाषेत ‘कामगार’ आहेत का? कलम २(एस) नुसार पर्यवेक्षकाचं काम करणारा आणि महिन्याला १०,००० रुपयांपेक्षा जास्त मजुरी घेणारा माणूस कामगार धरला जात नाही. म्हणजे सहाशे रुपयांच्या त्या बढतीपत्राच्या आधारे कंपनी म्हणू शकत होती की या बाईंना कामगार न्यायालयाचं दारच नाही.

तिसरा प्रश्न ग्रॅच्युइटीचा, आणि तो सर्वांत सरळ होता. ग्रॅच्युइटी अधिनियम, १९७२ मध्ये कामगार-पर्यवेक्षक असा भेद नाही. पाच वर्षं भरली की राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. ती जप्त करता येते ती ठरावीक कारणांसाठीच: मालमत्तेचं नुकसान, दंगामस्ती किंवा हिंसा, नैतिक अधःपतनाचा गुन्हा, तेही त्या कारणावरून नोकरीतून काढलं असेल तरच. ‘ठपका ठेवला की ग्रॅच्युइटी गेली’ ही धमकी म्हणून ठीक, कायदा तसा नाही.

शिवाय ५७,७५० हा आकडाच चुकीचा होता. कंपनीनं फक्त बेसिक धरलं होतं आणि वर्षं अकरा मोजली होती. कायद्यात मजुरी म्हणजे बेसिक अधिक महागाई भत्ता, म्हणजे १५,६००. त्याला २६ नं भागलं की दिवसाचे ६००, पंधरा दिवसांचे ९,०००. वरचे आठ महिने सहा महिन्यांच्या पुढचे असल्यानं वर्षं बारा. एकूण १,०८,०००. जवळपास निम्मी रक्कम दोन बारीक ओळींत गायब झाली होती.

पहिला आठवडा

सहीला आठवडा व्हायच्या आत ताईंनी कंपनीला पत्र पाठवलं, रजिस्टर एडीनं आणि ईमेलनंही. मसुदा मुलानं मराठीत लिहिला होता. तो चांगला होता म्हणून जवळजवळ तसाच देतो:

“दिनांक अमुक रोजी दुपारी मला कार्यालयात बोलावून आधीच टाईप केलेल्या राजीनाम्यावर सही करण्यास सांगितले. सही न केल्यास ठपका ठेवून काढू व ग्रॅच्युइटी देणार नाही असे सांगितल्याने मी घाबरून सही केली. मी स्वखुशीने राजीनामा दिलेला नाही. तो मी या पत्राने मागे घेत आहे. मी कामावर येण्यास तयार आहे. मला गेटवर अडवू नये.”

वकिलाच्या हातून हे पत्र चार पानी झालं असतं. याची ताकद दोन गोष्टींत आहे: तारीख ताजी आहे आणि ‘कामावर यायला तयार आहे’ हे वाक्य आहे. बळजबरीचा राजीनामा असं सहा महिन्यांनी पहिल्यांदा कुणी म्हटलं तर समोरचा विचारतोच, इतके दिवस गप्प का? दुसऱ्या दिवशी ताई खरंच गेटवर गेल्या. वॉचमननं आत सोडलं नाही. त्यांनी गेटवरूनच एचआरला व्हॉट्सॲप केलं, ‘मी गेटवर उभी आहे, आत सोडत नाहीत’. दोन निळ्या टिकल्या आल्या, उत्तर आलं नाही.

आणखी एक पुरावा असाच सापडला. सहापैकी चौघांनी आपापल्या राजीनाम्याचे फोटो एकमेकांना पाठवले होते. चारही कागद शब्दशः सारखे: ‘वैयक्तिक व कौटुंबिक कारणास्तव’. चार वेगळ्या घरांतली कौटुंबिक कारणं एकाच दुपारी उपटली, हे कोणत्याही अधिकाऱ्याला पटवून सांगणं कंपनीला जड जाणार होतं.

समोरचे पर्याय

चेक घेऊन विषय संपवणं हा पहिला पर्याय, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सहापैकी तिघांनी तोच घेतला. घरात दुसरी मिळकत नसेल तर हातातला पैसा आणि तारखांचा फेरा यांत माणूस काय निवडेल, हे बाहेरच्यानं ठरवू नये.

दुसरा पर्याय खासगी सल्लागाराचा. वसाहतीत कामगार कायद्याची कामं करून देणारे एक गृहस्थ होते. सुटेल त्या रकमेच्या वीस टक्के मागितले. ते वकील नव्हते. वकिलानं असा टक्केवारीचा सौदा करणं बार कौन्सिलच्या नियमांनुसार निषिद्धच आहे, म्हणून कुणी वकील निकालातला वाटा मागत असेल तर तिथून उठावं.

तिसरा, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेटाचा अर्ज, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यासमोर बसून तडजोडीचा प्रयत्न. काढून टाकलेल्या एकट्या कामगारालाही औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम २-ए खाली वाद उपस्थित करता येतो, संघटना लागत नाही. अर्जाला ४५ दिवस उलटूनही तडजोड झाली नाही तर थेट कामगार न्यायालयात जाता येतं. त्यासाठी काढल्यापासून तीन वर्षांची मुदत.

चौथा पर्याय महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखालची तक्रार, ज्याला कोर्टात सगळे ‘यूएलपी’ म्हणतात. इथे अंतरिम आदेश, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश, मागता येतो, ही मोठी जमेची बाजू. पण तक्रार ९० दिवसांत करायची, आणि कलम ५९ प्रमाणे एकदा या कायद्याखाली गेलं की त्याच बाबीसाठी केंद्रीय कायद्याखालची, म्हणजे औद्योगिक विवाद अधिनियमाखालची, कार्यवाही चालत नाही. एक दार उघडलं की दुसरं बंद.

ग्रॅच्युइटीचा अर्ज मात्र यातल्या कशालाही आड येत नव्हता. तो स्वतंत्र.

निर्णयाची पहिली जागा: नोकरी हवी की पैसे?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात ताई गेल्या ते शेजारच्या एका शिक्षिकेनं सुचवलं म्हणून. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, औद्योगिक कामगारांनाही. १५१०० हा राष्ट्रीय हेल्पलाईन क्रमांक आहे, पण प्रत्यक्ष न्यायालयाच्या आवारातल्या कार्यालयात जाऊन अर्ज देणं बरं पडलं. पहिले जे पॅनेल वकील मिळाले ते पोटगीची प्रकरणं चालवणारे होते. ताईंनी लेखी विनंती केली की कामगार न्यायालयात काम करणारे वकील द्यावेत. थोडे दिवस गेले, पण मिळाले. मोफत मिळतंय म्हणून मिळेल ते घ्यावं, असा संकोच अनेकांना वाटतो. वाटू नये.

या वकीलबाईंनी कायद्याआधी एकच प्रश्न विचारला: उद्या कंपनी परत ये म्हणाली तर जाणार का? ताईंना उत्तर द्यायला दोन भेटी लागल्या. पहिल्या भेटीत त्या ठाम होत्या, कामावर परत घ्या. दुसऱ्या वेळी त्यांनी सांगितलं की वसाहतीतच दुसऱ्या कारखान्यात काम मिळतंय, पगार थोडा कमी आहे, आणि त्या खोलीत ज्यांनी कोंडलं त्यांच्या हाताखाली पुन्हा उभं राहायची इच्छा नाही.

सारं प्रकरण इथे वळलं. कामावर परत जायचं असतं तर ९० दिवसांच्या आत यूएलपी आणि अंतरिम आदेशाची मागणी हा रस्ता होता. नवी नोकरी धरली तर मागच्या पगाराची, म्हणजे काढल्यापासूनच्या काळाच्या पगाराची, मागणी पातळ होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या एका निकालानुसार बेकायदा काढलेल्या माणसाला पुनर्नियुक्तीबरोबर मागचा पगार मिळणं हा सर्वसाधारण नियम आहे, पण दरम्यान आपण कुठे कमावत नव्हतो हे कामगारानं आधी मांडायचं असतं. ताईंना घरी बसणं परवडणारं नव्हतं. तेव्हा ठरलं: नोकरी परत नको, कायद्यानं बसणारे सगळे पैसे हवेत, आणि रस्ता समेटाचा.

काय केलं

ग्रॅच्युइटीसाठी नमुना ‘आय’ मधला अर्ज तीस दिवसांच्या आत कंपनीला गेला. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून मालकानं तीस दिवसांत द्यायची असते, नंतर व्याज चढतं. मालकानं दिलीच नाही तर नियंत्रक अधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, नमुना ‘एन’ भरायचा. तो भरून तयार ठेवला.

समेटाच्या अर्जाबरोबर वर्षवार पगारपत्रकं, पीएफचं पासबुक, चार राजीनाम्यांच्या प्रती आणि गेटवरचा संदेश जोडला. नोटिशीचा पगार १९,५००, कपातीची भरपाई १,१७,००० (महिन्याच्या निम्मे ९,७५० गुणिले बारा), ग्रॅच्युइटी १,०८,०००, शिल्लक रजेचे पैसे आणि ओव्हरटाईमचा फरक अशी मागणी मांडली.

समेटाच्या कार्यवाहीत वकील उभा राहू शकत नाही; औद्योगिक विवाद अधिनियमाचं कलम ३६ तसं सांगतं. संघटनेचा सभासद नसलेल्या कामगाराला मात्र त्या उद्योगाशी संबंधित संघटनेच्या पदाधिकाऱ्याला किंवा त्याच उद्योगातल्या दुसऱ्या कामगाराला सोबत नेता येतं. शेजारच्या कारखान्यातल्या संघटनेचे एक जुने पदाधिकारी यायला तयार झाले. वकीलबाई प्रत्येक तारखेआधी अर्धा तास बसून काय बोलायचं, कशावर सही करायची नाही, हे समजावून देत. ही जोडी फार उपयोगी पडली.

कंपनीनं अपेक्षेप्रमाणे पहिला आक्षेप घेतला: या सुपरवायझर आहेत, कामगार नाहीत. न्यायालयं पदनाम पाहत नाहीत, मुख्य काम काय ते पाहतात. ते दाखवायला ताईंकडे तपासणीच्या तक्त्यांचे फोटो होते, रोजच्या कामाचा भाग म्हणून त्या गटावर टाकायच्या ते. तक्त्याच्या खाली दोन चौकटी. डावीकडे ‘तपासणारा’, उजवीकडे ‘मंजूर करणारा’. बढतीच्या आधीचे तक्ते घ्या नाहीतर नंतरचे, ताईंची सही डाव्या चौकटीत आणि उजवीकडे इंजिनिअरची. रजा मंजूर करणं, कुणाला मेमो देणं, कामाचं वाटप, यातलं काहीच त्यांच्या हाती नव्हतं. अधिकाऱ्यांनी ते तक्ते शांतपणे चाळले आणि कंपनीच्या प्रतिनिधीला विचारलं, या बाईंनी मंजूर केलेला एक तरी रजेचा अर्ज आणाल का? पुढच्या तारखेला तो आला नाही आणि आक्षेपही पुन्हा काढला गेला नाही.

निर्णयाची दुसरी जागा: नव्वदावा दिवस

कंपनी तारखा घेत गेली. साहेब परगावी, हिशेब चालू आहे, कागद मुख्य कार्यालयात. सप्टेंबर गेला. ऑक्टोबरच्या मध्यावर ९० दिवस भरत होते, तेव्हा प्रश्न आला: यूएलपी दाखल करून ठेवायची का? संघटनेच्या पदाधिकाऱ्यांचं मत होतं, करून टाका, दबाव येईल. वकीलबाईंचं मत वेगळं होतं. ज्या अंतरिम आदेशासाठी तिथे जायचं, तो आपल्याला नकोच आहे, आणि कलम ५९ मुळे चालू असलेला समेट अडकेल. २-ए ची तीन वर्षं हातात आहेतच.

ताईंनी मुदत जाऊ दिली. मला हा निर्णय बरोबर वाटतो, पण तो बरोबर ठरला तो नोकरी परत नको हे आधी ठरलं होतं म्हणूनच. तेच ठरलं नसतं तर ९० दिवस असे सोडणं महागात गेलं असतं.

निकाल

नोव्हेंबरअखेर तडजोड झाली. ग्रॅच्युइटी पूर्ण १,०८,०००, नोटिशीचा पगार पूर्ण १९,५००, कपातीची भरपाई १,१७,००० ऐवजी ८०,०००. म्हणजे २,०७,५०० आणि रजेचे पैसे वेगळे. अनुभवाच्या दाखल्यात ‘राजीनामा’ शब्द नाही, फक्त सेवेचा कालावधी. ओव्हरटाईमची मागणी सोडावी लागली. दुप्पट दराचा हक्क कारखाने अधिनियमात स्पष्ट आहे, पण ताईंकडे पंचिंगची एकही नोंद नव्हती.

सहीच्या आधी एक प्रसंग घडला. कंपनीनं सुचवलं की ऑफिसातच शंभराच्या स्टँपवर लिहून घेऊ, कार्यालयात कशाला? ताईंनी नकार दिला. समेट अधिकाऱ्यासमोर झालेली तडजोड औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम १२(३) खालची ठरते आणि पैसे थकले तर कलम ३३-सी(१) खाली वसुलीचा दाखला मिळवून जिल्हाधिकाऱ्यामार्फत महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. खासगी कागदावरच्या पैशांसाठी पुन्हा दावा लावत बसावं लागतं. दुसरा हप्ता खरोखरच तीन आठवडे लांबला. ३३-सी चा उल्लेख असलेलं दोन ओळींचं पत्र गेलं आणि चेक आला.

वेगळं काय करता आलं असतं

सही करताना शेजारी ‘दबावाखाली’ किंवा ‘हरकत राखून’ लिहिता आलं असतं, असं बरेच जण म्हणाले. खोलीत चार माणसं बसलेली असताना ते सुचणं आणि जमणं कठीण. त्यापेक्षा सुटल्यावर लगेच पत्र पाठवणं जास्त माणसांना जमण्यासारखं आहे.

बढतीचं पत्र घेताना मात्र हातात वेळ होता. कामाचं स्वरूप बदलणार आहे का, असं एका ओळीच्या ईमेलनं विचारून ठेवलं असतं तर कामगार असण्याचा वाद उभाच राहिला नसता.

सहा जण एकत्र अर्ज घेऊन गेले असते तर भरपाईत ३७,००० सोडावे लागले नसते, असं संघटनेचे पदाधिकारी म्हणतात. मला तेवढी खात्री नाही. पण ज्येष्ठता डावलल्याचा मुद्दा सहा नावांनी नक्कीच जड झाला असता. ठेकेदाराच्या नावावरची दोन वर्षंही आपण सोडून दिली. ती मालकाचीच सेवा होती हे सिद्ध करायला वेगळा आणि लांब झगडा लागला असता, आणि त्या काळाचं एकही पगारपत्रक उरलं नव्हतं.

आज हेच घडलं तर आकडे आणि मुदती बदलतील. चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत पर्यवेक्षकाची मजुरीमर्यादा १८,००० रुपये आहे आणि काढल्यानंतर न्यायाधिकरणाकडे जायची मुदत तीनऐवजी दोन वर्षं. वेतन संहितेप्रमाणे काढलं असो वा राजीनामा असो, मजुरीचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे. म्हणून २०२३ ची ही फाईल नमुना म्हणून वापरणाऱ्यानं कलमं जशीच्या तशी उतरवू नयेत, आपल्या तारखेला कोणता कायदा लागू आहे हे वकिलाला आधी विचारावं.

ज्या तिघांनी पहिल्याच दिवशी चेक घेतला, त्यांच्यातल्या एकानं ताईंचा ग्रॅच्युइटीचा हिशेब पाहून स्वतःची पगारपत्रकं काढली. त्याचाही महागाई भत्ता धरलेला नव्हता. ‘फुल अँड फायनल’वर सही असूनही त्यानं फरकासाठी नमुना ‘एन’ भरला, उशीर झाल्याचं कारण वेगळं लिहून. हे लिहीपर्यंत त्याच्या तारखा चालू आहेत.